पदरचे पैसे घालून आपल्या किनाऱ्याची डॉक्युमेंटरी: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

माझं घर मालवणजवळ, देवबागच्या बाजूला, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथून चालत पंधरा मिनिटांवर. नोकरी ठाण्यात. तीन हंगाम सुट्ट्या जोडून जोडून मी या खाडीच्या तोंडावरच्या प्राण्यापक्ष्यांची अठ्ठावीस मिनिटांची डॉक्युमेंटरी केली. निर्माता मी, कॅमेरा माझा, होडीच्या कडेवरून उलटी करणाराही मीच. त्यातला पहिला हंगाम जवळजवळ पाण्यात गेला, आणि तो कॅमेऱ्यामुळे गेला नाही. कशामुळे गेला ते सांगतो. उदाहरणं सिंधुदुर्गातली आहेत. रत्नागिरी-रायगडवाल्यांना बहुतेक सगळं लागू पडेल. गोव्यात समुद्र तोच, पण परवानग्यांची दारं वेगळी.

1. विषय लहान करा, अजून लहान करा

माझ्या पहिल्या कागदावर काय काय होतं बघा: वेळासची कासवं, आंबोलीतले बेडूक, वेंगुर्ला रॉक्सच्या गुहेतल्या पाकोळ्या, तिलारीतले हत्ती, पावसाळ्यातले सडे (कातळाची पठारं). पाच महिने धावलो. प्रत्येकाची तीन-तीन मिनिटं हाती लागली आणि सगळं मिळून एखाद्या रिसॉर्टच्या जाहिरातीसारखं दिसायला लागलं.

पदरचे पैसे घालणाऱ्याकडे मोठ्या वाहिनीपेक्षा जास्त अशी एकच गोष्ट असते: फेऱ्या. वाहिनीवाले बारा दिवसांसाठी येतात, हॉटेलात राहतात, पाखरू आलं नाही तरी निघून जातात. तुम्हाला राहायला घर आहे, जेवायला आईच्या हातचं आहे आणि त्याच पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, साठ सकाळी जाऊन बसायला कोणी बिल लावत नाही. तेव्हा विषय असा घ्या की फेऱ्या वाढल्या की तो वाढत जाईल. माझा नियम सोपा होता: घरातून निघून चालत किंवा अर्ध्या तासाच्या होडीने पोचता येईल तेवढाच प्रदेश.

मग तो विषय एका प्रश्नात बसवा. माझा असा होता: ओहोटीला उघडी पडणारी ही जमीन सहा तासांत कोणाकोणाला जेवू घालते? प्रश्न ठरल्यावर पात्रं आपोआप पुढे आली. चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या (मासे), एक नांगी मोठी असलेले खेकडे, कुरव आणि सुरय पक्षी, कांदळवनातून चोरपावलांनी येणारा ऊद (पाणमांजर), वरून घिरट्या घालणारा समुद्रगरुड, आणि कमरेएवढ्या पाण्यात बसून तिसऱ्या (शिंपले) काढणाऱ्या बायका. बायका वन्यजीवनात कशा, असं मला एका मित्राने विचारलं. त्याच चिखलातून पोट भरणाऱ्याला फिल्मबाहेर ठेवायचं कसं, ते मला समजलं नाही.

2. भरती-ओहोटी शिका, मग कॅमेरा उचला

या लेखातली ही सर्वात कामाची गोष्ट. बाकीचं विसरलात तरी चालेल.

कोकणात जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला साधारण तीन वाजता भरती, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला सव्वाअकराला. दिवसातून दोनदा, मधलं अंतर बारा तासांपेक्षा थोडं जास्त. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. हा अंदाज झाला. नेमक्या वेळेसाठी भरतीचं वेळापत्रक बघा, पण मुंबईचं नको. आपल्याकडे दक्षिणेला भरती मुंबईच्या आधी येते. मी पहिल्या हंगामात मुंबईची वेळ धरून जायचो आणि पोचेपर्यंत पाणी चढायला लागलेलं असायचं.

आता गंमत बघा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, म्हणजे पाणी सर्वात वर चढतं आणि सर्वात खालीही जातं. त्या दिवसांत भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणून ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी. जमीन सर्वात जास्त उघडी आणि उजेड सर्वात मऊ, दोन्ही एकाच वेळी. उलट अष्टमीच्या आसपास भांगाची भरती: पाण्याचा चढ-उतार कमी आणि ओहोटी ऐन दुपारी, टळटळीत उन्हात. मी ऑफिसला सुट्टी असायची म्हणून यायचो, शाळेला सुट्टी म्हणून यायचो, पण तिथी बघून कधी आलो नाही. पहिला हंगाम गेला तो इथे.

दुसऱ्या वर्षी कॅलेंडरवर प्रत्येक अमावास्या-पौर्णिमेभोवती चार-पाच दिवस लाल पेनाने घेरले आणि रजा त्यावर बेतल्या. ऑफिसात सगळ्यांना वाटलं की मी फार धार्मिक झालोय.

एक धोका. ओहोटीला पुळणीच्या बेटावर चालत गेलात तर परतीची वेळ आधी ठरवून घड्याळाचा गजर लावा. पाणी समोरून येत नाही, मागच्या चरातून गुपचूप भरतं. माझा एक ट्रायपॉड तिथे गेला आणि मी गळ्यापर्यंत पाण्यातून बॅग डोक्यावर घेऊन आलो. किनाऱ्यावरचे एक रापणकर (काठावरून मोठं जाळं ओढणारे) आजोबा तेवढंच म्हणाले, "दर्याक कधी पाठ दाखवू नको, झिला."

3. वर्षाचा आराखडा

ऑक्टोबरात पाऊस ओसरला की पाणी निवळायला लागतं आणि थंडीचे पाहुणे पक्षी येऊ लागतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मुख्य काळ. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, पाणी तेलासारखं स्वस्थ असतं. दुपारनंतर खारा वारा सुटला की होडीतून लांबची लेन्स धरणं व्यर्थ. होडीतलं सगळं काम साडेदहापर्यंत संपवा.

ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अंडी घालायला येतात. सिंधुदुर्गात वायंगणी, तांबळडेग ही त्यासाठी माहीत असलेली गावं. पिल्लं बाहेर पडायला 45 ते 60 दिवस लागतात. इथे बहुतेक घरटी गावातले कासवमित्र कुंपणाच्या आत हलवतात, कारण बाहेर कुत्री आणि कोल्हे ती ठेवत नाहीत. ते कुंपण फ्रेममधून कापू नका. पिल्लू एकटं निर्जन किनाऱ्यावर जन्मल्याचा देखावा उभा करणं म्हणजे त्या माणसांची रात्रपाळी पुसून टाकणं.

मे अखेरीस प्रवासी होड्या बंद होतात, 1 जूनपासून मासेमारीही. पण कॅमेरा पेटीत ठेवू नका. पहिल्या पावसात वळगणीचे मासे शेताकडे चढतात, नदी लाल होते आणि खाडीचं तोंड अक्षरशः जागा बदलतं. मी जून-जुलैत घराच्या पडवीतून आणि पुलावरून काढलेली सात मिनिटं आज फिल्मचा कणा आहेत.

4. परवानग्या: कंटाळवाणं, पण आधी हेच

सुरुवात नकाशापासून. तुमच्या जागा नकाशावर खुणा करून वनखात्याच्या स्थानिक कार्यालयात जा आणि यातली कोणती जागा कशात येते ते विचारा. मालवण सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झालं, क्षेत्र सुमारे 29 चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाचा परिसर त्याच्या गाभ्यात येतो. पर्यटकांच्या होड्या दिवसभर फिरतात म्हणून ते अभयारण्य नाही, असं समजणारे मालवणातही भेटतील.

अभयारण्यात चित्रीकरणासाठी वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या कलम 28 खाली परवाना लागतो. 2022 च्या दुरुस्तीने त्यात छायाचित्रणासोबत चित्रीकरणाचाही स्पष्ट उल्लेख आला, अट अशी की अधिवासात बदल होता कामा नये आणि प्राण्यांना त्रास होता कामा नये. परवाना देणारे मुख्य वन्यजीव रक्षक नागपूरला बसतात, पण कागद खालून वर गेला तरच लवकर हलतो. किनाऱ्यावर कांदळवन कक्ष आहे, बाकीच्या जंगलासाठी सिंधुदुर्गात सावंतवाडी वनविभाग. दोन्हीकडे स्वतः जा, चहा प्या, काय करताय ते सांगा. माझा पहिला अर्ज एका कार्यालयात तीन महिने पडून राहिला, कारण मी ठिकाण म्हणून "कोकण किनारपट्टी" लिहिलं होतं. दुसऱ्यांदा गावाचं नाव, नकाशा आणि तारखा दिल्या, तेव्हा कागद पुढे सरकला.

अभयारण्याबाहेर मोकळं रान आहे असं मात्र नाही. ऑलिव्ह रिडले अनुसूची 1 मध्ये आहे. आणि कायद्यातली "शिकार" या शब्दाची व्याख्या वाचून ठेवा: पक्ष्यांच्या आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं हेही तिच्यात येतं. चांगला शॉट मिळावा म्हणून घरट्यावरची फांदी बाजूला बांधणारे हौशी लोक मी पाहिलेत. कायद्याच्या भाषेत ते शिकार करत असतात.

सोबत ठेवायची फाईल:

- एका पानात फिल्मचा आशय, मराठीत
- जागांची यादी, नकाशा आणि तारखा (दोन आठवड्यांची ढील ठेवून)
- बरोबर असणाऱ्यांची नावं, ओळखपत्रांच्या प्रती
- कॅमेरा, लेन्स, ड्रोन यांची यादी, नंबरांसह, आणि खरेदीच्या पावत्या
- होडीच्या परवान्याची आणि विम्याची प्रत
- जवळच्या सागरी पोलीस ठाण्याला दिलेल्या पत्राची पोच
- ज्यांचं चित्रण कराल त्यांची लेखी संमती, आणि खाजगी बागेत तळ ठोकणार असाल तर मालकाचीही

पोलिसांचं पत्र टाळू नका. 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावर लांब लेन्स घेऊन पहाटे बसलेला अनोळखी माणूस हा गावकऱ्यांच्याही नजरेत येतो, आणि ते बरोबरच आहे. सिंधुदुर्ग किल्ल्यात शूटिंग करायचं तर तो केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे. तिथला अर्ज वेगळा.

ड्रोनबद्दल थोडं जास्त. 2021 च्या नियमांप्रमाणे ड्रोनची नोंदणी करून ओळख क्रमांक घ्यावा लागतो. 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला, आणि धंद्यासाठी वापरणार नसाल तर 2 किलोपर्यंतच्या मायक्रो ड्रोनलाही, पायलट परवाना लागत नाही. पण फिल्म उद्या विकायचा विचार असेल तर "धंद्यासाठी नाही" हे म्हणताना दोनदा विचार करा. उडवण्याआधी त्या दिवशीचा हवाई नकाशा बघा. ऑक्टोबर 2021 मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाल्यापासून परुळे-भोगवे पट्ट्यातलं आकाश पूर्वीसारखं मोकळं नाही. दुबईहून भाऊ ड्रोन घेऊन येईल हा बेतही सोडा, तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी 2022 पासून बंदी आहे. आणि समुद्रगरुडाच्या झाडाजवळ ड्रोन नकोच. माझ्याकडून तो एकदा दोनशे मीटरवर गेला, मादी घरट्यावरून उठली आणि वीस मिनिटं परतली नाही. ती वीस मिनिटं माझ्याकडे चित्रित आहेत. फिल्ममध्ये घेतली नाहीत.

5. होडी आणि होडीवाला

होडी दिवसाच्या बोलीने घ्या, फेरीच्या नको. फेरीचा होडीवाला डॉल्फिन दिसला की पाठलाग करतो, कारण पर्यटकांना तेच हवं असतं. तुम्हाला उलट हवं: लांबून इंजिन बंद, होडी पाण्याबरोबर वाहू द्यायची आणि वाट बघायची. आपल्याकडे किनाऱ्यालगत दिसतो तो मुख्यतः कुबड असलेला डॉल्फिन. तो उथळ पाण्यात राहतो आणि हवेत उड्या मारण्यापेक्षा पाठ दाखवून शांतपणे बुडतो. त्या पाठीचा आणि श्वासाच्या फुस्स आवाजाचा शॉट मिळाला की पुरे. इंजिन बंद नसेल तर तो आवाज मिळणारच नाही.

पैसे ठरलेले द्या, वेळेवर द्या आणि काही दिसलं नाही त्या दिवशीही पूर्ण द्या. "आज काय गावला नाय" असं म्हणून निम्मे हातावर ठेवणारे शूटिंगवाले येऊन गेलेत. त्यांच्यानंतर येणाऱ्याला पहिल्या दिवशीच आगाऊ रक्कम मागितली जाते. लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचं, पोहता येतं म्हणून सूट नाही.

गावात काम सुरू करण्याआधी देवळात गाऱ्हाणं घाला, म्हणजे सगळ्यांसमोर देवाला मागणं करा. श्रद्धा असो नसो. त्या निमित्ताने गावकऱ्यांसमोर तुम्ही काय करणार आहात ते एकदा जाहीर होतं, आणि कांदळवनात ऊद कुठल्या वाटेने येतो हे मला गाऱ्हाण्यानंतरच्या गजालींत कळलं.

6. सामान

थोडक्यात सांगतो, कारण यावर वाचायला भरपूर मिळतं. मिररलेस कॅमेरा, 100-400 सारखी एक लांब लेन्स (जुनी चालेल), फ्लुइड हेडचा (कॅमेरा न अडखळता वळवणारा) ट्रायपॉड, वेगळा साऊंड रेकॉर्डर आणि माईकला केसाळ टोपी. टोपी नसेल तर आपल्या वाऱ्यात फक्त भडभड ऐकू येते. चांगल्या माईकसाठी लागणारे पैसे कॅमेऱ्यातून वाचवा, उलटं नको.

खरा शत्रू खारी हवा. रोज रात्री गोड्या पाण्यात ओला करून घट्ट पिळलेल्या कापडाने बॉडी आणि ट्रायपॉड पुसा, मग कोरड्याने. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा आणि जेल दर पंधरा दिवसांनी तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा कोरडं करा. तांदळाच्या डब्यात कॅमेरा पुरणारे काका प्रत्येक घरात असतात. त्यांना नम्रपणे थांबवा, तांदळाचा पिठूळ भुगा लेन्सच्या रिंगमध्ये जातो.

रात्री कासवांपाशी पांढरा उजेड अजिबात नको. मादी परत फिरते आणि पिल्लं समुद्र सोडून उजेडाकडे चालायला लागतात. फ्लॅश तर नाहीच. सकाळी पिल्लं सोडतात तेव्हा पुरेसा उजेड असतो, तेवढ्यावर भागवा.

7. फसवे मोह

कुरवांना शेव-गाठ्या टाकून जवळ बोलावणं. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढणं. घरट्याचं ठिकाण फोटोसोबत टाकणं. मासे काढून झाल्यावर रापणकरांना "परत एकदा ओढा ना" म्हणणं. शेवटचं मी केलंय. त्यांनी हसत ओढली, पण पडद्यावर चाळीस माणसं रिकामी जाळी ओढताना अभिनय करतायत हे लहान पोरालाही कळतं.

आणखी एक मोह आतला असतो. आपलं गाव, आपला दर्या, आपली आजी, यावर निवेदन ओलं होत जातं. माझ्या पहिल्या मसुद्यात "निसर्गरम्य" हा शब्द अकरा वेळा होता. निवटी चिखलात बीळ कसं राखते हे नीट दाखवलंत तर बघणाऱ्याला ते वेगळं सांगावं लागत नाही.

8. फुटेज आणि हिशेब

100 एमबीपीएसने 4के शूट केलं तर तासाला सुमारे 45 जीबी होतात. साठ तास म्हणजे 2.7 टीबी, आणि प्रत्येक गोष्ट दोन डिस्कवर. दोन्ही डिस्क एका बॅगेत घालून रातराणीने मुंबईला जाऊ नका. एक गावच्या कपाटात राहू द्या.

रोज रात्री झोपण्याआधी वहीत लिहा: तारीख, तिथी, जागा, काय मिळालं, काय हुकलं. कंटाळा आला तरी लिहा. जुळवणीला बसाल तेव्हा ही वही कॅमेऱ्याइतकी लागते.

माझा तीन हंगामांचा खर्च पावणेचार लाखांच्या घरात गेला. सर्वात मोठा घास जुन्या लेन्सचा, मग होडीचा, मग डिस्क आणि साऊंडचा. कर्ज काढू नका. हप्ता सुरू झाला की तुम्ही पाखराची वाट बघत नाही, पाखरू तुमची वाट बघायला हवं असं वाटायला लागतं.

9. जुळवणी आणि दाखवणं

दाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीवर अख्खी फिल्म होते. कच्ची जुळवणी झाल्यावर प्राण्यांची नावं आणि वर्तन एखाद्या जाणकार अभ्यासकाकडून तपासून घ्या. मी एका चिखल्या पक्ष्याला तीन महिने चुकीच्या नावाने हाक मारत होतो. निवेदन मराठीत, माणसं मालवणीत, खाली मराठी आणि इंग्रजी अक्षरं. मुंबई-पुण्याकडच्या प्रेक्षकाला मालवणी निम्मीच कळते, ती अक्षरं त्यांच्यासाठीही लागतात. दुसऱ्याचं गाणं उचलू नका. गावातल्या दशावतारी मंडळाच्या पखवाजवाल्याला मानधन देऊन आणि लिहून घेऊन रेकॉर्ड केलं, ते सर्वात स्वस्त आणि सर्वात चांगलं निघालं.

थिएटरात तिकीट लावून दाखवायची असेल तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, आणि फिल्ममध्ये प्राणी असल्याने प्राणी कल्याण मंडळाच्या ना-हरकतीचा प्रश्न येतो. क्रमांक 4 मधली फाईल तेव्हा बाहेर काढा. महोत्सवांत मुंबईचा मिफ (मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) आणि पुण्याचा किर्लोस्कर वसुंधरा हे दोन नवख्याने आधी बघावेत. प्रवेशिकेच्या तारखा वर्षभर आधी टिपून ठेवा.

पहिला खेळ मात्र गावात. आम्ही देवळाच्या सभामंडपात पांढरी चादर बांधली, प्रोजेक्टर शाळेचा आणला, उधाणाची रात्र टाळली म्हणजे सगळ्यांना होड्यांची काळजी नको. तिसऱ्या काढणाऱ्या बायका पुढे बसल्या होत्या. ऊद पडद्यावर आला तेव्हा त्यांच्यातली एक मोठ्याने म्हणाली, "ह्योच तो! माझी पाटी ह्यानाच उपडी केल्यान!" पुढची दोन मिनिटं निवेदन कोणाला ऐकू आलं नाही. दुसऱ्या खेळाला त्या जागचं निवेदन काढून टाकलं.